काळा घोडा पायी फेरी: वीस जणांना मराठीतून दाखवायचा आहे, मार्ग आणि वेळ तपासून द्याल का?

पायवाट

वाचक मंडळातल्या वीस जणांना एका रविवारी काळा घोडा परिसर चालत दाखवायचा आहे. वयं बावीसपासून सत्तरपर्यंत. सगळं मराठीतून. कच्चा आराखडा असा:

सकाळी १० ला रीगल चौकात जमणे. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, समोरची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत, जहांगीर आर्ट गॅलरी, काळ्या घोड्याचा पुतळा, एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून ग्रंथालय, वॉटसन हॉटेलची इमारत आणि शेवटी ससून घराण्याने बांधलेलं ज्यू प्रार्थनागृह. दुपारी १ ला समाप्त.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मार्ग बरोबर आहे का? वीस माणसं एका जागी उभी कुठे करायची? आणि ऐकीव गोष्टींपैकी कोणत्या सांगायच्या, कोणत्या गाळायच्या?

घडीवदगड

मार्ग पूर्ण उलटा करा. कारण ऊन.

एल्फिन्स्टन, ससून ग्रंथालय, आर्मी अँड नेव्ही (जुन्या ब्रिटिश दुकानाची इमारत) आणि वॉटसन या चारही इमारती महात्मा गांधी मार्गाच्या पश्चिम बाजूला ओळीने आहेत, म्हणजे त्यांची तोंडं पूर्वेला. सकाळी साडेआठ ते दहा ऊन थेट दर्शनी भागावर पडतं. कमानींची खोली, दगडाचा पिवळा रंग, कोरीवकाम सगळं उठून दिसतं. बारानंतर हीच ओळ स्वतःच्या सावलीत जाते आणि मागून आभाळ चमकतं. तुमच्या आराखड्यात या इमारती साडेअकरानंतर येतात. त्या वेळी लोकांना फक्त काळपट आकार दिसतील.

शिवाय वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं आणि जहांगीर अकराला. दहाला रीगलपासून निघालात तर पहिल्या दोन्ही दारांशी ताटकळाल. तेव्हा साडेआठला उत्तरेकडून, वॉटसनसमोरून सुरुवात करा. बाहेरून बघायचं ते सगळं आधी. दालनं शेवटी, ऊन तापल्यावर.

शेवटचाडबा

सहमत. वाराचंही बघून ठेवा. सोमवारी आधुनिक कला दालन बंद असतं. शनिवारी ज्यू प्रार्थनागृह शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीदिनामुळे, बाहेरच्यांना मिळत नाही. जहांगीरमधली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी भिंती उतरवायचं काम सुरू झालेलं असतं. या सगळ्यातून रविवारच तावून सुलाखून निघतो, आणि फोर्टातली रहदारीही त्या दिवशी निम्म्याहून कमी.

एक अपवाद. काळा घोडा कला महोत्सवाचे नऊ दिवस, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. महोत्सव १९९९ पासून भरतो आणि जरूर बघावा. पण इमारती दाखवायच्या असतील तर ते दिवस टाळा. मांडवांनी दर्शनी भाग झाकले जातात आणि ध्वनिक्षेपकांपुढे तुमचा आवाज पाचव्या माणसापर्यंतही पोचणार नाही.

घडीवदगड

आता थांबे. काय सांगायचं याआधी कुठे उभं राहायचं ते ठरवा. बहुतेक फेऱ्या इथेच फसतात.

वॉटसन (आताचं नाव एस्प्लनेड मॅन्शन): इमारतीखाली अजिबात उभं राहू नका. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला होता. रस्त्याच्या समोरच्या, पूर्वेकडच्या पदपथावर उभे राहा. सूर्य पाठीशी येतो आणि अख्खा सांगाडा एका नजरेत मावतो.

या इमारतीत दगडाचं काही दाखवायचं नाही, लोखंड दाखवायचं. १८६०च्या दशकातली ही इमारत. तिचे ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणल्या आणि इथे जोडल्या. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. भिंती भार घेत नाहीत, खांबांच्या चौकटीत विटा नुसत्या भरलेल्या आहेत. लोकांना सांगा, एका खांबावर नजर ठेवा आणि मजल्यामागून मजला वर न्या. तो त्याच रेषेत वर जाताना दिसतो. हे एकदा दिसलं की शेजारच्या दगडी इमारतींच्या भिंती एवढ्या जाड का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

रीळवाला

वॉटसनपाशी सिनेमाचं सांगायला विसरू नका. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने इथे सहा छोटी चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. पॅरिसमधला पहिला सशुल्क खेळ २८ डिसेंबर १८९५ चा, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत ते मुंबईत पोचलं. मराठी माणसांची फेरी आहे तर पुढचा दुवाही जोडा: हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. फाळक्यांच्या कितीतरी आधी.

जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट हमखास निघते. ती 'अशी एक आख्यायिका आहे' इतकं म्हणूनच सांगा. ताज १९०३ मध्ये उघडलं, हे पक्कं आहे.

पायवाट

लोखंडाच्या मुद्द्याने विचारच बदलला. ससून ग्रंथालयापाशी काय दाखवावं? आत जाता येतं का?

जुनीखतावणी

आतला वाचनकक्ष सभासदांसाठी आहे. मागे सुंदर बाग आहे. वीस जणांना न्यायचं तर आधी जाऊन कार्यालयात विचारा आणि होकार लेखी घ्या. रविवारी दारावर वेगळा माणूस असतो, त्याला तोंडी काही माहीत नसतं. परवानगी नसेल तर प्रवेशद्वारातला डेव्हिड ससून यांचा पुतळा बाहेरून दाखवा आणि पुढे चला.

ग्रंथालयाचं मूळ फार मोलाचं आहे. १८४७ साली सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण यंत्रकारागिरांनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. कामगारांनी स्वतःसाठी काढलेलं वाचनालय. आजची इमारत १८७० ची. खर्च सुमारे सव्वा लाख रुपये, त्यातले साठ हजार डेव्हिड ससून यांचे. वाचक मंडळाची माणसं आहेत, त्यांना हे नीट सांगा. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

ससून घराण्यातली नावं मात्र आधी घोटून ठेवा, कारण या दोनशे-तीनशे मीटरांत तीन पिढ्या आहेत. डेव्हिड (१७९२–१८६४) यांचं ग्रंथालय. त्यांचा मुलगा आल्बर्ट याने घोड्याचा पुतळा शहराला दिला. दुसरा मुलगा एलियास. एलियासचा मुलगा जेकब याने वडिलांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये केनेसेथ एलियाहू प्रार्थनागृह बांधलं. म्हणजे आजोबा, मुलगा, नातू. या क्रमाने सांगितलं तर लक्षात राहतं. इमारतींच्या क्रमाने सांगितलं की लोक हमखास गोंधळतात.

तसाच घोळ जहांगीर नावाचा. एल्फिन्स्टनला देणगी देणारे कावसजी जहांगीर रेडीमनी वेगळे (१८१२–१८७८). ज्यांच्यामुळे सार्वजनिक सभागृह (आताचं आधुनिक कला दालन) आणि जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले सर कावसजी जहांगीर. आणि जहांगीर आर्ट गॅलरीचा बादशहा जहांगीराशी काडीचाही संबंध नाही. सर कावसजींच्या दिवंगत मुलाचं नाव जहांगीर, त्याच्या स्मरणार्थ ती आहे. हे स्वतःहून सांगा, कुणी ना कुणी विचारतंच.

घडीवदगड

दगडाबद्दल. ससून ग्रंथालयासमोर आणि एल्फिन्स्टनसमोर दोन-दोन मिनिटं फक्त दगडाला द्या. मालाडचा दगड पिवळसर, मऊसर, त्यावर टाकी चालते. कुर्ल्याचा दगड करडा-काळा बेसाल्ट, कठीण. विद्यापीठाच्या इमारतींत नाजूक कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडक वापरला. तो लोण्यासारखा कोरला जातो, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत झिजतो.

जवळ जाऊन एक गोष्ट दाखवता येते. पावसाचं पाणी थेट लागतं ते भाग उजळ राहतात. छज्जाखाली, कमानीच्या पोटात, नक्षीच्या खाचांत काळी साय धरते. धूर आणि ओल यांनी दगडावर कवच तयार होतं, आणि जिथे पाऊस ते धुऊन नेत नाही तिथे ते साचत राहतं. चुनखडकावर हे सर्वांत ठळक दिसतं. या कवचामागे दगड भुसभुशीत होतो आणि मग पापुद्रा सुटतो. म्हणून कुणालाही नक्षीला हात लावू देऊ नका, नखाने तर नाहीच. फेरीतल्या एकाने खरवडलं की मागचे चार जण खरवडतात.

जुनीखतावणी

एल्फिन्स्टनची इमारत १८८८ ची. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, काम पूर्ण केलं खान बहादूर मंचेरजी मर्झबान यांनी. मूळ बेत सरकारी छापखान्यासाठी होता. बाबासाहेब आंबेडकर इथले विद्यार्थी. याच इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. रविवारी दार बंद असतं, त्यामुळे समोरून बघून पुढे व्हा.

गवाक्ष

घोड्याकडे येऊ. इथे सर्वांत जास्त चुकीचं बोललं जातं.

मूळ पुतळा युवराज एडवर्डचा, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. १८७५-७६ मध्ये तो मुंबईला आला होता, त्याच्या आठवणीसाठी. शिल्पकार जोसेफ बोहम, अनावरण १८७९. ब्राँझचा रंग गडद, म्हणून लोकांनी काळा घोडा म्हटलं. स्वार बाजूला पडला आणि घोडा वस्तीचं नाव होऊन बसला. १९६५ मध्ये पुतळा इथून हलवला. तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं इथे घोडाच नव्हता, नाव मात्र टिकलं. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, स्वाराविना. कल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, घडवला श्रीहरी भोसले यांनी. उंची सुमारे २५ फूट.

उभं कुठे राहायचं: पुतळ्याला लागून नको, तिथे गाड्या मागे-पुढे होतात. दुबाश मार्गाच्या तोंडाशी रुंद पदपथ आहे, तिथून घोडा आणि मागची पिवळी दगडी ओळ एकत्र दिसतात.

रस्त्यांची जुनी-नवी नावं छापून प्रत्येकाच्या हाती द्या. रॅम्पार्ट रो म्हणजे कैखुश्रू दुबाश मार्ग. रोप वॉक लेन म्हणजे साईबाबा मार्ग. फोर्ब्स स्ट्रीट म्हणजे डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग. रॅम्पार्ट म्हणजे तट. मुंबईच्या किल्ल्याचा तट इथून जायचा. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तो पाडला आणि मोकळ्या झालेल्या जागेवरच या सगळ्या इमारती आल्या. पश्चिमेच्या इमारती भव्य आणि सुट्या, पूर्वेच्या गल्ल्या अरुंद आणि दाट. तटाबाहेरचं आणि तटाच्या आतलं शहर हा फरक चौकात उभं राहून मान दोन्हीकडे वळवली की कळतो. फेरीतला सर्वांत महत्त्वाचा थांबा हाच. घाई करू नका.

सुतळी

रोप वॉक लेनमध्ये नुसतं 'इथे दोर वळत' म्हणून पुढे जाऊ नका. दोर वळायला लांब सरळ पट्टा का लागतो ते सांगा. गलबताचा दोर मध्ये जोडून चालत नाही, अखंड लागतो. वळणारा माणूस कमरेला ताग-अंबाडीसारखे धागे गुंडाळून उलट्या पावलांनी मागे मागे जात सूत सोडतो आणि दुसऱ्या टोकाला चाक पीळ देतं. मग अशी अनेक सुतं एकत्र पिळून पेड, आणि पेड उलट दिशेने पिळून दोर. उलट पीळ दिल्यामुळेच तो सुटत नाही. पिळताना लांबी साधारण एक तृतीयांश घटते, म्हणजे शंभर वाव दोर हवा तर दीडशे वाव सूत अंथरायला जागा हवी. म्हणून गल्लीच्या नावात 'वॉक', म्हणजे चाल.

प्रात्यक्षिक करा. सहा फूट सुतळी दोघांना दोन टोकांना धरायला द्या, एकाला पीळ घालायला सांगा, मग मधोमध दुमडा. ती आपोआप एकमेकींत वळते. एका मिनिटाचं काम, आणि सत्तरीच्या माणसांपासून सगळे रमतात.

पायवाट

सुतळी घेतलीच समजा. हा कलेचा परिसर कसा झाला, ते कुठे सांगावं? आराखड्यात इमारतीच जास्त झाल्यात असं आता वाटतंय.

कॅनव्हास

बरोबर ओळखलंत. रॅम्पार्ट रोवर सांगा, जहांगीरच्या दारात नाही, कारण क्रम तसाच आहे. जहांगीरच्या आधी इथे चित्रं लावायला मोजक्याच जागा होत्या. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, तिचं दालन रॅम्पार्ट रोवर. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या सहा जणांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये जमला आणि त्यांचं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये त्या दालनात झालं. सहांत हरी अंबादास गाडे विदर्भातले, आणि सदानंद बाक्रे एकटेच शिल्पकार. या दोघांची नावं फेऱ्यांत सहसा गळतात. तुमच्या फेरीत गळू नयेत.

त्याच रस्त्यावर 'चेतना' हे उपाहारगृह आहे, १९४६ पासून. सुरुवातीच्या काळात तिथेही चित्रं लागत. जवळचं 'वेसाइड इन' हे उपाहारगृह आता नाही. कवी अरुण कोलटकर तिथे खिडकीशी बसून हाच चौक बघत. ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. पण बंद पडलेल्या जागांपाशी फार वेळ घालवू नका. समोर दिसत नसलेल्या तीन गोष्टी लागोपाठ सांगितल्या की समूह विखुरतो. एक सांगा, फार तर दोन.

मग जहांगीर. शास्त्रज्ञ होमी भाभा आणि चित्रकार के. के. हेब्बर यांच्या आग्रहातून, १९५२. आराखडा दुर्गा बाजपेयी यांचा. दारावरचा पुढे झेपावलेला काँक्रीटचा छज्जा दाखवा. वॉटसनचं लोखंड, एल्फिन्स्टनचा दगड आणि हे काँक्रीट, अर्ध्या किलोमीटरच्या आत.

शेवटचाडबा

जहांगीरमध्ये वीस जण एकदम आत नेऊ नका. प्रवेश मोफत आहे, पण दालनात चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि घोळका शिरला की खरा गिऱ्हाईक बाहेर जातो. सहा-सात जणांचे तीन गट करा, वेगवेगळ्या दालनांत पाठवा, वीस मिनिटं द्या. चित्राचा फोटो विचारून, फ्लॅशशिवाय. आत गेल्यावर मार्गदर्शकाने बोलायचं नाही. चित्रकाराला विचारू द्या: माध्यम कोणतं, थर किती, वाळायला किती दिवस. ते आनंदाने सांगतात.

बाहेर पदपथावरचे चित्रकार. तिथे कुणी स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घ्यायला बसलं की अख्खा समूह अडकतो. फेरी संपल्यावर बसा, असं सुरुवातीलाच सांगून ठेवा. घासाघीस नको, हेही सांगा.

गवाक्ष

समोरच्या आधुनिक कला दालनाबद्दल. १९११ चं सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह. इथे सभा झाल्या, मैफली झाल्या, मुष्टियुद्धंही झाली. १९९६ पासून कला दालन. बाहेरचं कवच जुनं ठेवून आत अर्धगोलाकार मजले एकावर एक रचले आहेत, गोल जिन्याने वर जात शेवटी घुमटाखाली पोचतो. ज्येष्ठांना जिना जड जातो, त्यांना तळमजल्यावर बसायचा पर्याय द्या. मोठ्या पिशव्या दारात जमा कराव्या लागतात, वीस जणांची दहा मिनिटं त्यातच जातात. तेव्हा 'पाठीवरची पिशवी आणू नका' हे आदल्या दिवशी कळवा.

याचा आणि पलीकडच्या वस्तुसंग्रहालयाचा वास्तुविशारद एकच, जॉर्ज विटेट. संग्रहालयाची कोनशिला १९०५, इमारत १९१४ ला तयार, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, म्हणून लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळा, दोन्ही दगड एकाच भिंतीत. घुमटाची प्रेरणा विजापूरचा गोल घुमट. आत मधल्या दालनात नाशिकच्या एका वाड्यातून आणलेल्या लाकडी कमानी बसवल्या आहेत, त्या मराठी माणसांनी आवर्जून बघाव्यात. पण संग्रहालय फेरीत धरू नका. त्याला किमान तीन तास लागतात. रस्त्यावरून घुमट दाखवा, ज्यांना हवं ते नंतर तिकीट काढून जातील.

शेवटचाडबा

प्रार्थनागृह बाहेरून दाखवा. आत जायचं तर ओळखपत्र लागतं, दारावर तपासणी असते, डोकं झाकावं लागतं. वीस जणांची तपासणी म्हणजे अर्धा तास. आधी संपर्क करून परवानगी मिळाली तरच आत, नाहीतर समोरच्या पदपथावरून. पहारा आहे, तेव्हा दाराचे आणि पहारेकऱ्यांचे फोटो नकोत.

अंतर एकूण दीड-दोन किलोमीटर. एकटा माणूस पंचवीस मिनिटांत चालेल, वीस जणांना नुसतं चालायलाच पाऊण तास लागतो, कारण सिग्नलला समूह तुटतो. एक माणूस सर्वांत मागे ठेवा, तो आला की मगच बोलायला सुरुवात. गळ्यातला छोटा ध्वनिवर्धक घ्या. प्रत्येक थांब्यावर चार मिनिटांच्या वर बोलू नका, चौक आणि ग्रंथालय सोडून. सकाळी नऊला स्वच्छतागृह मिळणं कठीण, ते जमण्याआधी उरकायला सांगा. पुढचं खात्रीचं अकराला, जहांगीरमध्ये.

पायवाट

सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा:

८.३० वॉटसनसमोर, पूर्वेचा पदपथ. ८.५० ससून ग्रंथालय. ९.१० एल्फिन्स्टन, दगड. ९.२५ चौक, घोडा, तट. ९.४५ रॅम्पार्ट रो, चित्रकार. १०.०५ रोप वॉक, सुतळी. १०.२० प्रार्थनागृह बाहेरून, मग चहा. ११.०० जहांगीर, तीन गट. ११.३० आधुनिक कला दालन. १२.१५ संग्रहालयाच्या फाटकासमोर समाप्त.

ओव्हल मैदान आणि राजाबाई टॉवर यात बसवावेत का?

घडीवदगड

नाही. टॉवर मैदानाच्या पूर्व कडेला, त्याची मैदानाकडची बाजू पश्चिमेची. सकाळी ती सावलीत असते. दुपारी चारनंतर ऊन त्यावर येतं. पूर्वेला गॉथिक आणि पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या इमारती, २०१८ मध्ये युनेस्कोने ज्यासाठी हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला ते दृश्य मैदानाच्या मधोमध उभं राहून संध्याकाळीच बघावं. ती वेगळी फेरी, चर्चगेटहून पाच मिनिटांवर. तिचा धागा काढाल तेव्हा कळवा, तिथले थांबे लिहून देतो.

आणि फेरीच्या आधी एकदा एकट्याने याच मार्गाने, याच वेळी, रविवारीच चालून या. कोणत्या इमारतीला जाळी लागली आहे, कुठला पदपथ खणला आहे, हे फोर्टात आठवड्याला बदलतं.